छिद्र मिटल्यानंतर

बारशाचे पाहुणे अकराला यायचे होते आणि नऊ वाजेपर्यंत प्रेमिलानं हापशीवरून सात गुंड पाणी आणून रांजणात ओतलं होतं. सातवा गुंड रिकामा करून ती सवयीनं भिंतीकडे वळली. पाठ टेकायची, डोळे मिटायचे, छातीतली धावाधाव थांबेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही, हा तिचा लग्नाच्याही आधीपासूनचा नेम. भिंतीला हात लागला तेव्हा तिच्या लक्षात आलं की धावाधाव नाहीच. श्वास थोडा भरला होता, जसा पाणी आणणाऱ्या कोणाही बाईचा भरतो, आणि तिच्या देखतच तो खाली बसला. तिनं गुंड उचलला आणि आठव्या खेपेला निघाली.

"बस करा वो बाई," ओसरीत बाळाला पाजत बसलेली माधवी म्हणाली. "तुमाले पाहूनच आता मले दम लागते."

प्रेमिला हसली. धाकट्या जावेच्या बोलण्यात नेहमीची थट्टा होती, पण नजर थट्टेत नव्हती. पंधरा दिवसांपासून माधवी तिच्याकडे अशीच बघत होती. म्हणजे नागपूरहून रिपोर्ट आला तेव्हापासून.

"पायलचा नवा फ्राक इस्त्री केला का?" माधवीनं विचारलं.

"केला. खुटीले लावून हाय."

"आज घालाचाच हाय ना तिले तो?"

"घालाचाच हाय. काऊन?"

"काही नाई. सहजच इचारलं," माधवी म्हणाली आणि तिनं बाळाला दुसऱ्या अंगाला घेतलं.

तलावाच्या पाळीखालच्या, म्हणजे बांधाखालच्या, या घराला अंगण एक, पण चुली दोन. एका बाजूला थोरला घनश्याम आणि प्रेमिला, दुसऱ्या बाजूला धाकटा भूपेश, माधवी आणि त्यांची मुलं. मधल्या खोलीत दोघांची आई, भागरथाबाई. भूपेशची पायल चार वर्षांची असताना एका पावसाळ्यात माधवी टायफाईडनं आजारी पडली आणि पोरगी महिनाभर प्रेमिलापाशी राहिली. महिना संपला, पोरगी परत गेली नाही. कोणी तिला नेलं नाही आणि कोणी तिला ठेवलंही नाही. आता ती अकरा वर्षांची होती, प्रेमिलाला मोठाई म्हणायची आणि तिच्याच अंगावर पाय टाकून झोपायची. दिवाळीला दोघा भावांनी बसून ठरवलं होतं, की माधवीचं तिसरं बाळंतपण सुखरूप पार पडलं की बारशाच्या दिवशीच सगळ्या गोतासमोर पायलला घनश्याम-प्रेमिलाच्या ओटीत घालायचं.

तेव्हा रिपोर्ट आलेला नव्हता.

नागपंचमीच्या आठवड्यात नागपूरच्या दवाखान्यात प्रेमिलाच्या मांडीतल्या शिरेतून एक बारीक नळी वर हृदयापर्यंत नेली होती. त्या नळीतून तारेची दुमडलेली छत्री आत गेली, दोन कप्प्यांमधल्या भिंतीतल्या छिद्रात उघडली आणि तिथंच बसली. छाती फाडली नाही, टाका घातला नाही. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच्या पायांनी बसमध्ये चढली. खरा बदल मात्र नंतर, हळूहळू, महिन्या-महिन्यानं आला. पहिल्यांदा पाय गरम राहू लागले. मग डाव्या कुशीवर झोपता येऊ लागलं. मग एक दिवस पायलला शाळेत पोहोचवताना ती बोलता बोलता पाळीचा चढ चढून गेली आणि वर पोहोचल्यावर पायलच म्हणाली, "मोठाई, तू आज मधात थांबली नाई!"

सहा महिन्यांनी तपासणीला घनश्याम सोबत होता आणि त्याची धाकटी बहीण दिव्यानीही. ती चंद्रपूरला नर्स होती आणि दवाखान्यातली भाषा तिला कळायची. डॉक्टरांनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवली, एक जुनं, एक आजचं.

"पस्तीस वर्षं तुमच्या डावीकडचं स्वच्छ रक्त या छिद्रातून परत उजवीकडे पडत होतं," ते म्हणाले. "अंगाला मिळायचं ते पुन्हा पुन्हा फुप्फुसाकडेच फिरायचं. उजवा कप्पा दुपटीनं राबला, म्हणून तो एवढा फुगला, आणि फुगून त्यानं डाव्यालाही दाबलं. आता बघा. उजवा बराच उतरलाय आणि डावा नीट भरायला लागलाय."

"आपल्या मनानंच उतरला?" प्रेमिलानं विचारलं.

"ओझं काढलं की उतरतो. छिद्र लहानपणी बंद केलं असतं तर पूर्ण उतरला असता. तुमचा थोडा फुगवटा राहील बहुतेक, पण त्याचा त्रास व्हायचं कारण दिसत नाही."

प्रेमिलानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"डाक्टरसाहेब, लेकरू?"

डॉक्टरांनी रिपोर्टचं पान उलटलं. "छिद्र मिटवण्याआधी मनाई केली होती ती फुप्फुसातल्या दाबामुळे. तो आता जवळजवळ सामान्य आहे. हृदयाकडून माझी मनाई नाही. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, गोळ्यांचं मी बघतो."

दिव्यानीनं तिचा हात इतका दाबला की बांगडी रुतली. घनश्याम बाटलीत पाणी भरून आणतो म्हणून बाहेर गेला. बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली होती.

परतीच्या बसमध्ये ब्रह्मपुरीपर्यंत प्रेमिला खिडकीबाहेर पाहत राहिली. पळस फुलला होता, पण ती पळस पाहत नव्हती. लग्नानंतरच्या वर्षी तिचं एक लेकरू आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं आणि ती स्वतः गडचिरोलीच्या दवाखान्यात चार दिवस शुद्धीवर नव्हती. त्यानंतर पुन्हा कधी दिवस गेलेच नाहीत. आपल्या कमजोर छातीनं आपली कूसही खाल्ली, असंच ती धरून चालली होती. आणि आता छाती बरी झाली होती. बसच्या खडखडाटात तिनं मनातल्या मनात महिने मोजले. आता राहिलं तर कापणीच्या वेळेला. पुढच्या महिन्यात राहिलं तर दिवाळीनंतर.

घनश्याम मात्र त्या दिवसापासून घरी थांबेना. तलावातली मासळी विकायला आली होती आणि त्याला राखणीचं निमित्त सापडलं. दिवस मावळला की तो पाळीवरच्या झोपडीत जायचा तो उजाडल्यावरच यायचा. चौथ्या दिवशी प्रेमिला डबा घेऊन स्वतः गेली.

"आता भ्याचं काही नाई जी," ती म्हणाली. "डाक्टरनं तुमच्यासमोरच सांगितलं."

"घाई कायची हाय?" जाळ्याची गाठ सोडवत तो म्हणाला.

"पस्तीस झाले मले."

त्यानं गाठ सोडवली आणि दुसरी धरली. तो आपल्याला जपतो आहे असं तिला वाटलं, आणि त्या जपण्यावर तिचा जीव इतका आला की तिनं पुन्हा विचारलं नाही.

पाहुणे आले. अंगणात ताडपत्री अंथरली. गडीमाणसं फाटकापाशी कडुलिंबाच्या सावलीत, बायका ओसरीत. आड्याला पाळणा टांगला होता, त्याला माधवीच्या माहेरचं झालर लावलेलं लुगडं गुंडाळलं होतं. घुगऱ्यांचं ताट घेऊन नव्या फ्राकात पायल सगळ्यांत फिरत होती.

प्रेमिला नेमाप्रमाणे चुलीपाशी राहिली. भूपेशच्या थोरल्या रोशनचं बारसं झालं तेव्हा भागरथाबाईनं तिला काहीतरी काम सांगून मागच्या सांदवाडीत पाठवलं होतं. पायलच्या वेळी सांगावंही लागलं नव्हतं, ती आपणच गेली होती.

"प्रेमिला!" ओसरीतून सासूची हाक आली. "अवो, तिथी काय करून राह्यली? इथी ये. दोरी तू धर."

माधवीची आई भागरथाबाईकडे पाहू लागली. प्रेमिलानं हात पुसले, पदर सारखा केला आणि बायकांच्या मधून वाट काढत पाळण्यापाशी आली. भागरथाबाईनं दोरी तिच्या मुठीत दिली आणि आपल्या हातानं ती मूठ मिटली. सोळा वर्षांत सासूचा हात तिच्या हाताला इतका वेळ कधी लागला नव्हता.

"सगळे ऐका," भागरथाबाई पाहुण्यांना म्हणाली. तिचा आवाज फाटकापर्यंत गेला. "मायी सून बरी झाली. नागपूरच्या डाक्टरनं लिहून देल्लं. पुढच्या साली याच आड्याले दुसरा पाळणा बांधतो मी. माया घनश्यामचा!"

दोघी-तिघींनी हसून मान डोलावली. एकीनं प्रेमिलाच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. प्रेमिलाचा चेहरा तापला. तिनं फाटकाकडे पाहिलं. घनश्यामनं नजर खाली घातली होती.

"अन् पायलचं काय?" माधवीनं विचारलं.

"तिचं काय?"

"आज तिले ओटीत घालाचं ठरलं होतं ना, आई. सगळ्या गोतासमोर."

"ते आज कायले काढतेस?" भूपेश सावलीतून उठत म्हणाला.

"आजच काढाचं होतं. दिवाळीले तुमीच शब्द देल्ला."

"घाई कायची हाय?" भागरथाबाई म्हणाली. ती रागात नव्हती, आनंदात होती, आणि आनंदातच बोलून गेली. "आता आपलं होऊन राह्यलं, तर दुसऱ्याचं कायले?"

माधवीनं मांडीवरचं बाळ दिव्यानीकडे दिलं आणि ती उठली.

"दुसऱ्याचं," ती म्हणाली. "मायी पोरगी सात वर्सं तिथी राह्यली. मी तिले हाक नाई मारली. मांडीवर घेतलं नाई. काऊन? बाईले वाईट वाटन म्हनून. मी आपल्या पोटच्या पोरीले शिकवलं, मोठाईपाशी जा, मोठाईले माग. अन् आता ते दुसऱ्याचं झालं. उद्या बाईचं सोताचं झाल्यावर मायी पोरगी बाईच्या घरात भांडे घासन का?"

"माधवी, असं नाई वो," प्रेमिला म्हणाली.

"मग कसं ते तुमी सांगा, बाई. सगळ्यासमोर सांगा. उद्या तुमचं झालं तरी पायल पहिली, असं नाई. ते कोनीबी म्हनते. पायल तुमची, आनि आता दुसरं नाई पाहिजे, असं सांगा."

प्रेमिलाच्या मुठीत दोरी होती. समोर, ओसरीच्या पायरीशी, ताट धरून पायल उभी होती. चार शब्दांचं काम होतं. पण ते चार शब्द प्रेमिलाच्या तोंडून निघेनात. पंधरा दिवस ती ज्या गोष्टीचे महिने मोजत होती, ती आपल्या तोंडानं नको म्हणायची तिची तयारी होईना. ती थांबली. किती वेळ थांबली ते तिला कळलं नाही, पण पायलला कळलं. पोरीनं ताट पायरीवर ठेवलं.

माधवी प्रेमिलाच्या खोलीत गेली. खुंट्यांवरचे, दोरीवरचे पायलचे कपडे ओढल्याचा आवाज बाहेर आला. शाळेचा गणवेश, दोन सलवारी, स्वेटर असं सगळं काखेत कोंबून ती बाहेर आली आणि तिनं पायलचा दंड धरला.

"चाल."

"माधवी, थांब. कपडे ठेव तिचे."

घनश्याम फाटकाकडून आला होता. अंगणाच्या मधोमध, ताडपत्रीच्या कडेला तो थांबला. त्याच्या पायात चपला तशाच होत्या.

"प्रेमिलाले लेकरू होनार नाई," तो म्हणाला. "पायलच हाय आमाले. घेऊन नको जाऊ."

"काऊन होनार नाई, दादा?" दिव्यानी बाळाला थोपटत पुढं आली. "मी होती ना तिथी. डाक्टरनं साफ सांगितलं. तिच्यात आता काही दोष नाई."

"तिच्यात नाईच." घनश्यामनं डोक्याचा रुमाल काढला. "मी आपरेशन केलो. नसबंदीचं. पंधरा वर्सं झाले."

गड्यांमधून कोणीतरी हसल्यासारखं केलं आणि लगेच खोकलं.

"ते लेकरू गेलं," घनश्याम पुढं बोलू लागला. आता त्याला थांबताही येत नव्हतं. "ही चार दिवस बेसुद होती. डाक्टरीनबाईनं मले बाहेर बोलावलं. म्हनली, हिच्या छातीत दोष हाय, पुन्हा दिवस गेले तर बाई हाती लागनार नाई. दोन महिन्यानं शिबिर लागला. जंगलातल्या आदिवासी वस्तीतले, लालसूच्या टोल्यातले गडी चालले होते. त्यायच्याकडे गडीच करतात, बायकायले पाठवत नाई. मी त्यायच्या गाडीत बसलो. बिनालेकराच्या मानसाचं करत नाई म्हनून दोन पोरं हायेत असं लिहून देल्लो."

प्रेमिलाला शब्द सगळे ऐकू आले. अर्थ मात्र एकदम आला नाही. दर महिन्याला ज्या एका दिवसाची ती भीत भीत वाट पाहायची, तसे किती दिवस झाले असतील, असा वेडावाकडा हिशेब तिच्या डोक्यात सुरू झाला आणि मध्येच तुटला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही.

भागरथाबाई सावकाश ओसरीच्या कडेला आली.

"अन् मी?" तिनं विचारलं.

"आई..."

"मी हिले काय काय बोलली, तू ऐकत होता ना? इथीच बसून जेवत होता. माया समोर. मी म्हनली, वांझोटी हाय. मी म्हनली, दुसरी कर. तू फक्त नाई म्हनायचा अन् भात मागायचा." तिचा आवाज चिरकला. "मले एका शब्दानं सांगता नाई आलं? तिचा जीव वाचवला, लय चांगलं केलं. पन पंधरा वर्सं माया तोंडून तू पाप करून घेतलं रे. मायाच तोंडून!"

दिव्यानीच्या हातातलं बाळ रडायला लागलं. तिनं त्याला पाळण्यात ठेवलं. प्रेमिलाच्या मुठीतली दोरी सुटली होती. माधवीच्या आईनं लेकुरवाळीच्या नात्यानं ती धरायला हात पुढं केला.

"कोनी हात नका लावू," भागरथाबाई वळून म्हणाली. "तिच्याच हातात राहू द्या."

आणि तिनं स्वतः वाकून दोरी उचलून प्रेमिलाच्या हातात दिली. या वेळी तिनं सुनेची मूठ मिटली नाही. नुसती दोरी दिली आणि डोळ्यांना पदर लावून ती आत निघून गेली. प्रेमिलानं पाळणा हलवला. दिव्यानी वाकली, आत्याच्या मानानं तिनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, हिमांशू. बायकांनी पाळणा म्हणायला घेतला, पण तो दोन कडव्यांतच आटोपला.

पाहुणे जेवून लवकर गेले.

माधवीनं ते कपडे परत खोलीत आणले तेव्हा प्रेमिला खाटेवर बसली होती. माधवीनं गणवेश झटकून खुंटीला लावला, स्वेटरची घडी घातली. सलवारीची घडी चुकली, ती तिनं मोडून पुन्हा घातली. मग जाता जाता दारात थांबली.

"मले माहीत असतं तर मी तसं बोलली नसती, बाई."

"मलेबी माहीत नव्हतं," प्रेमिला म्हणाली.

पायल दाराआड होती. माधवी गेल्यावरही ती आत आली नाही. प्रेमिलानं हाक मारली तेव्हा ती उंबऱ्यापर्यंत आली.

"मी मघा बोलली नाई," प्रेमिला म्हणाली. "बोलायले पाहिजे होतं. मायं चुकलं, पायल."

"तुले सोताचं बाळ पाहिजे होतं ना, मोठाई?"

प्रेमिलाच्या तोंडाशी खोटं आलं होतं. ते तिनं गिळलं.

"हो. लय पाहिजे होतं."

"मग तसं म्हन ना." पायलनं नव्या फ्राकाची बाही ओढली. "मले तर ते बाळ आवडलंच असतं. पन तू माया तोंडाकडे पाहून चूप राह्यली, ते नाई आवडलं."

ती आत आली, पण खाटेवर बसली नाही. दप्तर काढून तिनं जमिनीवर पसरलं आणि गणिताची वही उघडली. प्रेमिला थोडा वेळ तिच्या वेणीकडे पाहत राहिली. मग उठली, पायात चपला घातल्या आणि तलावाकडे निघाली.

उन्हं कलायला अजून वेळ होता. घनश्याम झोपडीत नव्हता, पाण्यापाशी डोंग्याच्या कडेला बसला होता. ती त्याच्यापासून दोन हात दूर, पाळीच्या दगडावर बसली.

"मले काऊन नाई सांगितलं?"

"सांगनार होतो. तू तवा खाटेवरच होती, धड उठून बसली की सांगू म्हटलं. मग वाटलं, गावात गडी हसतील. मग तू दर महिन्याले वाट पाहाले लागली." त्यानं ओली वाळू मुठीत घेतली. "मग हिंमत नाई झाली."

"मी वाट पाहातो, ते माहीत होतं तुमाले?"

"होतं."

"अन् झोप लागत होती?"

पाण्यात एक बगळा उतरला, चार पावलं चालला, उडून गेला.

"तू जगली ना," शेवटी तो म्हणाला. "मी दुसरं काही नाई मागलो."

प्रेमिलाला संताप आवरेना आणि त्याचं म्हणणं खोटं आहे असंही म्हणवेना. ती जगली होती. सासूच्या प्रत्येक शब्दागणिक मेली होती आणि जगलीही होती. आणि एक गोष्ट तिची स्वतःची होती, ती तिला आत्ता, या दगडावर बसल्यावर आठवली. ते लेकरू गेल्यानंतरच्या वर्षीच नागपूरच्या डॉक्टरांनी आपरेशन करू म्हटलं होतं. छाती उघडावी लागेल हे ऐकून ती दवाखान्याच्या कपड्यांवरच बाहेर पळाली होती. घनश्यामनं तिला बसस्टँडवर गाठलं होतं आणि एक शब्द न बोलता घरी आणलं होतं.

"तवा मी पळाली नसती तर," ती म्हणाली, "तवाच बरी झाली असती. अन् मायी छाती पाहून तुमी लेकरू बंद केलं हे सांगितलं असतं, तर मी पळाली नसती. लेकरासाठी छाती उघडू देल्ली असती मी."

घनश्यामनं मान वर केली. हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"ते पुन्हा जोडता येते का?" तिनं विचारलं.

"दिव्यानीले इचारलो मघा. म्हनते, जोडतात. पन इतक्या वर्सानं भरोसा नाई."

"जाऊ एकदा. नाई म्हनले तर नाई."

"जाऊ."

मग प्रेमिलानं जे पंधरा वर्षांत कोणालाच विचारलं नव्हतं ते विचारलं.

"ते लेकरू तुमी पाह्यलं होतं ना? कसा होता?"

तिच्या मनात तो मुलगाच होता. का, ते तिला सांगता आलं नसतं. तो वाढत गेला होता, शाळेत गेला होता, आता बापाबरोबर जाळं ओढायच्या वयाचा झाला होता.

घनश्यामनं मुठीतली वाळू सोडली.

"पोरगी होती," तो म्हणाला.

प्रेमिला उठून उभी राहिली.

"कुठी ठेवलं तिले?"

त्यानं पाळीच्या पल्याडच्या टोकाकडे हात केला, सांडव्याच्याही पुढं, जिथं जंगल पाण्यापर्यंत उतरलं होतं. "त्या येनाच्या झाडापाशी. तितकं चालनं तुयाच्यानं होत नव्हतं. म्हनून कधी..."

तो पुढं बोलायच्या आत ती चालू लागली होती. पाळ लांब होती, मध्ये दोन ठिकाणी खचलेली, आणि सांडव्यापाशी दगडांवरून खाली उतरून पुन्हा वर चढावं लागत होतं. ती उतरली आणि चढली. घनश्याम मागून येत होता. येनाच्या झाडाखाली शेजारच्या सागांची मोठाली वाळलेली पानं साचली होती आणि एक जुनं वारूळ होतं. दुसरं काही नव्हतं. त्यानं खुणेनं जागा दाखवली. प्रेमिला खाली बसली आणि दोन्ही हातांनी पानं बाजूला करू लागली. खालची माती थंड होती.

"केस लय होते," घनश्याम उभ्यानंच म्हणाला. "काळे. मानेपर्यंत. मी माया रुमालात गुंडाळली होती. पाय बाहेर राहत होते, इतके लांब होते पाय."

प्रेमिलानं माती मुठीत घट्ट धरली. आपली छाती आता फुटणार, जुनी धडधड पुन्हा सुरू होणार, डोळ्यांपुढं अंधारी येणार, असं तिला वाटलं आणि ती त्याची वाट पाहत राहिली. तसं काही झालं नाही. पहिला हुंदका आला, दुसरा आला, मग ती मोठ्यानं रडायला लागली. आजवर तिला कधी धड रडताही आलं नव्हतं. दोन हुंदक्यांतच श्वास तुटायचा आणि दुःख तसंच अर्ध्यावर टाकून दम सावरत बसावं लागायचं. आज श्वास तुटला नाही. घनश्याम तिच्या शेजारी खाली बसला, तिनं त्याला बसू दिलं. आत छत्रीनं छिद्र मिटलेलं तिचं हृदय एका चालीनं चालत राहिलं, आणि त्या पोरीसाठी तिला जेवढं रडायचं होतं तेवढं त्यानं तिला रडू दिलं.